ज्यू युद्धकैदी: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हाती लागलेल्या ज्यू सैनिकांबद्दल मी बोलायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. दर वेळी कार्यक्रम संपला की व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, काही अगदी साधे, काही असे की उत्तर द्यायला मला दोन दिवस पुस्तकं उघडून बसावं लागतं. म्हणून सगळे एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलंय तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. ज्यूंना छळछावण्यांत मारलं एवढंच शाळेत शिकलो. ते सैन्यात कुठे होते?

सगळीकडे होते. लाल सैन्यात, म्हणजे सोव्हिएत रशियाच्या फौजेत, अंदाजे पाच लाख, अमेरिकेच्या सैन्यात साधारण तेवढेच, १९३९ साली पोलंडच्या सैन्यात लाखभर, शिवाय फ्रान्स, युगोस्लाव्हिया, ग्रीस यांच्या फौजांत, आणि ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाईनमधून तीस हजारांच्या आसपास तरुण स्वतःहून ब्रिटिश आर्मीत भरती झालेले. कोणी शिंपी, कोणी डॉक्टर, कोणी कॉलेज सोडून आलेला पोरगा. सैन्य म्हटलं की पराभव आला, वेढा आला, शरणागती आली, मग हेही हजारोंनी पकडले गेले. छळछावणीतला कैदी आणि युद्धकैदी यात फरक आहे हे आधी डोक्यात पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्या फरकावर उभं आहे. युद्धकैदी सैन्याच्या छावणीत राहतो, त्याचं नाव रेड क्रॉसच्या यादीत जातं, घरी पत्र जातं, त्याला विचारणारं एक सरकार मागे असतं. छळछावणीतल्या माणसाला यातलं काहीच नसायचं.

२. ज्यू आहे म्हटल्यावर जर्मन लगेच मारत असतील ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर ऐकून लोक गप्प होतात. अंगावर युनिफॉर्म कुठल्या देशाचा यावर ठरायचं. ब्रिटिश, अमेरिकन किंवा फ्रेंच युनिफॉर्ममधला ज्यू पकडला गेला तर त्याला वेगळी बराक मिळायची, घाणेरडी कामं मिळायची, शिव्या मिळायच्या, पण बहुतेक जण युद्ध संपल्यावर जिवंत घरी गेले. तोच माणूस लाल सैन्यात असता तर ओळख पटल्यापासून काही तासांत किंवा दिवसांत खड्ड्याच्या कडेला उभा केला गेला असता. माणूस तोच, धर्म तोच, पकडणारी फौजही तीच. अशीही घरं होती की एक भाऊ पॅरिसला गेलेला आणि दुसरा मिन्स्कमध्ये राहिलेला, दोघंही सैनिक, दोघंही कैदी, आणि दोघांचं पुढे काय झालं असणार हे फक्त युनिफॉर्म बघून सांगता आलं असतं. मला या विषयातलं हेच सगळ्यात जास्त छळतं. पोलंडचं प्रकरण या दोघांच्या मधलं आहे, त्याला प्रश्न ६ बघा. लाल सैन्याचं प्रश्न ५ मध्ये.

३. हिटलरने करार पाळला? विश्वास बसत नाही.

१९२९ चा जिनिव्हा करार जर्मनीने मान्य केलेला होता. त्यातलं कलम ४ सांगतं की कैद्यांमध्ये भेद करायचा तर तो हुद्दा, तब्येत, कामातलं कौशल्य आणि स्त्री की पुरुष एवढ्यावरच करता येतो. धर्म किंवा वंश यात कुठेही बसत नाही. गोम आहे ती कलम ९ मध्ये. तिथे म्हटलंय की वेगवेगळ्या वंशांच्या आणि राष्ट्रांच्या कैद्यांना शक्यतो एका छावणीत ठेवू नये. लिहिणाऱ्यांचा हेतू भांडणं टाळायचा होता, पण जर्मनांनी त्याच कलमाचा आधार घेऊन ज्यूंना वेगळ्या बराकीत टाकलं.

आणि पाळला तो काही दयेपोटी नाही. ब्रिटिश आणि अमेरिकनांकडेही जर्मन कैदी होते, पुढे पुढे तर लाखोंनी. इथे काही केलं की तिथे फेड होणार हे उघड होतं. १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या दीएप बंदरावर ब्रिटिश-कॅनेडियन फौजांनी घातलेल्या छाप्यानंतर जर्मनांनी ब्रिटिश आणि कॅनेडियन कैद्यांना बेड्या घातल्या तर समोरच्यांनीही जर्मन कैद्यांना बेड्या घातल्या, इतकं ते रोखठोक होतं. त्यात युद्धकैद्यांच्या छावण्या बराच काळ सैन्याच्या हातात होत्या, एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) नाही. १९४४ च्या शरदात हा कारभार एसएसचा प्रमुख हिमलरकडे आणि त्याच्या हाताखालच्या एसएसच्या गोटलोब बर्गरकडे गेला, आणि शेवटच्या हिवाळ्यात अमेरिकन ज्यूंच्या बाबतीत जे झालं ते त्यानंतरचं आहे (प्रश्न ९ आणि १०).

४. ज्यू आहे हे कळायचं कसं? कपाळावर तर लिहिलेलं नसतं.

अमेरिकन सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर धर्माचं एक अक्षर कोरलेलं असायचं, ज्यूंसाठी ‘एच’, म्हणजे हिब्रू. मेल्यावर अंत्यविधी बरोबर व्हावेत म्हणून केलेली ही सोय, आणि तीच पकडल्यावर गळ्याशी आली. डिसेंबर १९४४ मध्ये बेल्जियमच्या बाजूच्या आर्देनच्या जंगलात वेढले गेल्यावर कित्येकांनी तो बिल्ला बर्फात पुरला, फेकला. पण बिल्ला नाही म्हणजे मी सैनिक आहे याचा पुरावाही नाही, मग शत्रू हेर ठरवून गोळी घालू शकतो. वीस वर्षांचा पोरगा, बोटं गारठलेली, समोरून जर्मन येतायत आणि हातात तो इवलासा पत्रा, ठेवू की टाकू. काही जणांनी ठेवला. काहींनी टाकला.

बाकी आडनाव, चेहरेपट्टी (म्हणजे जर्मनांच्या कल्पनेतली), आणि चुगली. सोव्हिएत कैद्यांमध्ये तर सरळ कपडे उतरवून सुंता बघायचे. त्यात मध्य आशियातले, कॉकेशसमधले, क्रिमियातले मुसलमान सैनिक ज्यू समजून मारले गेले, इतके की सप्टेंबर १९४१ मध्ये बर्लिनहून सूचना काढावी लागली की सुंता म्हणजे ज्यूच असं धरू नका, तुर्की वंशाचे मुसलमानही करतात. याचा उलटा उपयोगही झाला, काही ज्यू सैनिकांनी मी तातार आहे, मी अझरबैजानी आहे असं सांगून चार वर्षं काढली. उच्चाराचीही परीक्षा घ्यायचे. यिद्दीश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा, बोलणाऱ्यांचा ‘र’ वेगळा लागतो, म्हणून मक्याला रशियनमध्ये जो शब्द आहे, ‘कुकुरुझा’, तो म्हणून दाखव म्हणायचे.

५. लाल सैन्यातल्या ज्यूंचं नेमकं काय झालं?

थोडक्यात सांगायचं तर जवळजवळ सगळे मारले गेले. सविस्तर सांगते.

जर्मनांनी साधारण ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले, त्यातले ३३ लाखांच्या आसपास मेले, म्हणजे कोणत्याही धर्माचा सोव्हिएत कैदी असला तरी जगण्याची आशा कमीच. १९४१-४२ चा हिवाळा त्यांनी तारेच्या कुंपणात उघड्यावर, जमिनीत हातांनी खड्डे खणून काढला, गवत खाल्लं, झाडांच्या साली खाल्ल्या. त्याच्यावर ज्यूंसाठी वेगळा हुकूम. स्वारीच्या आधीच, ६ जून १९४१ ला, राजकीय कमिसार (लाल सैन्यातला कम्युनिस्ट पक्षाचा अधिकारी) पकडला तर तिथल्या तिथे मारा असा आदेश निघाला होता. १७ जुलैला एसएसच्या सुरक्षा पोलिसांचा प्रमुख हायड्रिख याने दुसरा काढला, की छावण्यांमधून कैदी चाळून काढा, आणि ज्यांना वेगळं काढायचं त्या यादीत ‘सर्व ज्यू’ हे शब्द आहेत. एसएसची माणसं छावणीत येणार, सैन्याचे अधिकारी त्यांना कैदी काढून देणार, बाहेर नेऊन गोळ्या. सैन्याचा यात हात नव्हता असं जे नंतर सांगत राहिले ते खोटं आहे. अशा रीतीने मारले गेलेले ज्यू युद्धकैदी ८०,००० च्या घरात धरतात, आणि वाचलेले काही हजार, तेही बहुतेक खोट्या नावाने.

रशियाने जिनिव्हा करारावर सही केली नव्हती म्हणून हे झालं, असं मला बरेच जण लिहितात. सही नव्हती हे खरं. पण सही नसली तरी कैद्याला मारायचं नाही हा युद्धाचा जुना सर्वमान्य नियम होताच, आणि खुद्द जर्मन सैन्याच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख कानारिस याने सप्टेंबर १९४१ मध्ये हेच लेखी कळवलं होतं. फील्डमार्शल कायटेलने ते उडवून लावलं, हे शूरांचे युद्धनियम आहेत, इथे आपण एक विचारसरणी नष्ट करतोय, अशा अर्थाचा शेरा मारून. म्हणजे माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये.

६. पोलंडच्या ज्यू सैनिकांना युद्धकैदी मानलं की नाही?

अधिकाऱ्यांना मानलं, साध्या शिपायांना नाही. १९३९ मध्ये साठेक हजार ज्यू पोलिश सैनिक जर्मनांच्या हाती लागले. शिपायांना १९४० च्या सुरुवातीपासून ‘सोडलं’, म्हणजे युद्धकैदी हा दर्जा काढून घेतला आणि घेट्टोंमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्त्यांमध्ये, लोटलं. घरी जायला मिळतंय म्हणून त्यातले कितीतरी जण खुश झाले असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे घेट्टोंमधल्या बाकी लोकांबरोबर तेही मारले गेले.

ज्यांची घरं सोव्हिएत ताब्यातल्या पूर्व पोलंडमध्ये होती त्यांना असं सोडणं शक्य नव्हतं, त्यातल्या दोन हजारांहून जास्त जणांना लुब्लिन शहरात लिपोवा रस्त्यावरच्या छावणीत ठेवलं. हे लोक आम्ही युद्धकैदी आहोत यावर अडून राहिले, युनिफॉर्म सोडायला तयार नव्हते. ३ नोव्हेंबर १९४३ ला त्यांना जवळच्या मायदानेकच्या छळछावणीत चालवत नेलं आणि गोळ्या घातल्या. त्या आणि दुसऱ्या दिवशी मिळून लुब्लिन भागात ४०,००० हून जास्त ज्यू मारले गेले, त्या कारवाईला नाव काय दिलं होतं तर ‘सुगीचा सण’.

आणि पोलिश ज्यू अधिकारी? ते अधिकाऱ्यांच्या छावण्यांत होते, मुर्नाऊ, वोल्डेनबर्ग वगैरे ठिकाणी, काही ठिकाणी वेगळ्या बराकीत टाकलेले, पण बहुतेक वाचले. पोलंडमध्ये ज्यू जवळजवळ संपवले गेले त्याच वर्षांत जर्मनीच्या मधोमध पोलिश ज्यू कॅप्टन आणि लेफ्टनंट दर महिन्याला पत्रं लिहीत होते, आणि हळूहळू घरून उत्तरं यायची बंद होत गेली.

७. फ्रेंच ज्यू कैद्यांबद्दल कुठे वाचायला मिळत नाही. काही सांगाल?

१९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर १८ लाख सैनिक कैदी झाले, त्यात दहा-पंधरा हजार ज्यू. सगळ्यात ओळखीचं नाव तत्त्वज्ञ इमॅन्युएल लेव्हिनास. मूळचा लिथुआनियाचा, फ्रान्सचा नागरिक, सैन्यात दुभाष्या. फालिंगबोस्टेलच्या छावणीत त्याला ज्यूंच्या वेगळ्या तुकडीत टाकलं, तुकडीचा नंबर १४९२, म्हणजे ज्या साली स्पेनने ज्यूंना हाकललं तेच. योगायोगच, पण तिथल्या लोकांना तो आकडा नक्की टोचला असणार. काम जंगलात झाडं तोडायचं.

त्याने नंतर एका कुत्र्याबद्दल लिहिलंय. भटकं कुत्रं, छावणीच्या आसपास राहायचं, कैद्यांनी त्याचं नाव बॉबी ठेवलं. वाटेत दिसणारी माणसं, बायका, पोरं या कैद्यांकडे बघायची तेव्हा माणसाकडे बघितल्यासारखं बघायची नाहीत, पण हे कुत्रं सकाळी हजेरीला हजर, संध्याकाळी काम करून परत आले की उड्या मारत, भुंकत स्वागत. त्याच्या लेखी ही माणसं होती यात शंकाच नव्हती. काही आठवड्यांनी पहारेकऱ्यांनी ते हाकलून दिलं. लेव्हिनास वाचला, त्याची बायको आणि मुलगी फ्रान्समध्ये लपून वाचल्या, पण लिथुआनियात राहिलेले आई, वडील, भाऊ मारले गेले. युनिफॉर्मने त्याला वाचवलं, त्यांच्याकडे युनिफॉर्म नव्हता.

एली द रॉथशिल्डचंही सांगते, कारण नाव ऐकून लोक विचारतात. हो, त्या बँकवाल्या रॉथशिल्ड घराण्यातलाच. तो कोल्डिट्झच्या किल्ल्यात कैद होता, आणि तिथून पत्राने लिलियानला लग्नाचं विचारून दूर बसूनच, प्रतिनिधीमार्फत, लग्न लागलं त्यांचं. फ्रेंच कैद्यांच्या बायकांचं काय झालं त्यासाठी प्रश्न १३.

८. पॅलेस्टाईनमधून आलेले ज्यू कैदी म्हणजे कोण?

एप्रिल १९४१ मध्ये ग्रीसमधून ब्रिटिश माघार घेत होते, कालामाता बंदरात बोटी पुरल्या नाहीत, आणि मागे राहिलेल्यांत पॅलेस्टाईनच्या ज्यूंच्या मजूर तुकड्या होत्या. त्यानंतर क्रीटमध्ये आणखी काही. सगळे मिळून पंधराशेच्या आसपास, आणि बरेच जण सायलेशियातल्या लाम्सडॉर्फच्या छावणीत पोचले. यातले काही जण मूळचे जर्मनीतून पळून आलेले, म्हणजे विचार करा, जिथून जीव वाचवून निघालो तिथेच कैदी म्हणून परत.

पण ते ब्रिटिश सैनिक होते आणि त्यांनी तो हक्क एक दिवसही सोडला नाही. आपले नेते निवडले, हिब्रूचे वर्ग चालवले. इत्झाक बेन-अहारोन आणि योसेफ अल्मोगी हे दोघं त्यातलेच, पुढे इस्रायलचे मंत्री झाले. कामाला बाहेर नेलं की कधी कधी पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातले छळछावणीतले ज्यू कैदी दिसायचे. इकडे ब्रिटिश युनिफॉर्म आणि रेड क्रॉसच्या पार्सलमधलं चॉकलेट, तिकडे हाडांचे सापळे, आणि दोघांची भाषा एकच, यिद्दीश. लपवून ब्रेड द्यायचा एवढंच हातात होतं.

९. ‘इथे आम्ही सगळेच ज्यू आहोत’ असं म्हणणाऱ्या अमेरिकनाची पोस्ट फिरते ती खरी आहे का?

खरी आहे. रॉडी एडमंड्स, मास्टर सार्जंट, टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलचा. आर्देनच्या लढाईत पकडला गेला. त्सिगेनहाइनच्या छावणीत तो सर्वात वरच्या हुद्द्याचा अमेरिकन होता. जानेवारी १९४५ मध्ये हुकूम आला की सकाळच्या हजेरीला फक्त ज्यू सैनिकांनी बाहेर यायचं. एडमंड्सने सांगितलं सगळे बाहेर येतील, आणि हजाराहून जास्त अमेरिकन बराकींपुढे रांगेत उभे. जर्मन मेजर चिडला, हे सगळे ज्यू असूच शकत नाहीत म्हणाला, पिस्तूल काढून त्याच्या डोक्याला लावलं. एडमंड्सचं म्हणणं, करारानुसार आम्ही फक्त नाव, हुद्दा आणि नंबर सांगायला बांधील आहोत, मला मारायचं तर सगळ्यांना मारावं लागेल आणि युद्धानंतर तुझ्यावर खटला चालेल. मेजर वळून निघून गेला. त्या रांगेत दोनशेच्या आसपास ज्यू होते.

मला यातली पुढची गोष्ट जास्त लागते. हा माणूस १९८५ मध्ये वारला आणि घरी त्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. मुलाने वडिलांबद्दल शोधाशोध सुरू केली तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या घरखरेदीवरच्या एका जुन्या बातमीत त्याला धागा सापडला, कारण घर विकणारा वकील लेस्टर टॅनर हा त्या रांगेत उभा असलेल्या ज्यूंपैकी एक होता आणि त्याने सहज एडमंड्सचं नाव घेतलं होतं. २०१५ मध्ये याद वाशेमने (ज्यू हत्याकांडाची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या संस्थेने) एडमंड्सला ‘राष्ट्रांमधील सत्पुरुष’ हा मान दिला.

१०. मग अमेरिकन ज्यूंना काहीच झालं नाही असं म्हणायचं का?

अजिबात नाही. त्याच महिन्यात, त्याच लढाईत पकडलेले, पण बाड ऑर्बच्या छावणीतले. तिथे ज्यूंना वेगळं काढलं. मग ३५० माणसांचा कोटा भरायचा होता, ज्यू म्हणून काढलेले फक्त ऐंशीच्या आसपास, तर ‘त्रास देणारे’, ज्यू ‘वाटणारे’, आडनाव तसं लागणारे असे उचलून आकडा पुरा केला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना एल्स्टर नदीकाठच्या बेर्गाला नेलं. डोंगरात बोगदे खणायचे, आत इंधनाचा कारखाना बसवायचा होता. सुरुंग उडाला की धूळ खाली बसायच्या आधीच आत ढकलायचे, दगड हातांनी भरायचे. नऊ-दहा आठवड्यांत सत्तरहून जास्त मेले, काही तिथे, काही एप्रिलमध्ये पायी हाकलत नेलं त्या वाटेवर.

तिथला मेडिक अँथनी असेव्हेडो, मेक्सिकन वंशाचा कॅथलिक, चोरून डायरी लिहायचा. कोण मेला, नंबर काय, कशाने. शाई पुरावी म्हणून तिच्यात बर्फ मिसळायचा. डायरी पँटमध्ये लपवून त्याने ती बाहेर आणली आणि आज ती वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियममध्ये आहे. बेर्गातल्या कैद्यांचा जर्मन सार्जंट एर्विन मेट्झ याला अमेरिकन कोर्टाने फाशी सुनावली, नंतर ती रद्द केली, काही वर्षांत तो सुटून घरी. वाचलेल्या सैनिकांकडून मात्र तोंड न उघडण्याच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या. याचा राग येतो मला, येऊ दे.

११. ब्रिटिश आर्मीत ज्यू लोक ख्रिश्चन नावाने लढायचे हे खरं?

काही जण हो. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळून आलेले तरुण होते, त्यांची एक अख्खी कमांडो तुकडी होती. पकडले गेले तर जर्मनांच्या दृष्टीने ज्यूही आणि देशद्रोहीही. म्हणून इंग्रजी नाव, बिल्ल्यावर चर्च ऑफ इंग्लंड, आणि आपण इंग्रज घरातलेच आहोत अशी तोंडपाठ कहाणी. मानफ्रेड गान्स हा फ्रेड ग्रे झाला तो असाच.

१२. कैदेत सण, प्रार्थना वगैरे करता यायचं का?

करारात धर्माचं स्वातंत्र्य होतं, प्रत्यक्षात छावणीगणिक वेगळं. युगोस्लाव्हियाचे सुमारे चारशे ज्यू अधिकारी आणि सैनिक ओस्नाब्रुकला होते. युगोस्लाव्ह सैन्यातले रब्बी (ज्यू धर्मगुरू) हर्मन हेल्फगॉट हेही चार वर्षं युद्धकैदी होते, आणि सुटल्यावर घरी जायच्या ऐवजी बेर्गेन-बेल्सेनला जाऊन मेलेल्यांचे विधी आणि जगलेल्यांची देखभाल करत राहिले. पूर्व आघाडीवर अर्थातच असलं काही शक्य नव्हतं.

१३. नवरा युद्धकैदी असेल तर घरच्यांना संरक्षण मिळायचं का?

फ्रान्समध्ये काही प्रमाणात हो. युद्धकैद्याची बायको म्हणून ज्यू बाईला लगेच पूर्वेकडे न पाठवता मागे ठेवायचे. पॅरिसमध्ये लेव्हितां नावाचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, तिथे अशा बायकांना कोंडून ज्यूंच्याच घरांतून लुटून आणलेलं सामान निवडायला लावायचे, चादरी, भांडी, दिवे, खेळणी. स्वतःच्या घरातली वस्तू समोर आली असंही झालंय. १९४४ मध्ये यातल्या बऱ्याच जणींना मुलांसकट बेर्गेन-बेल्सेनला नेलं, पण आउशवित्झला नाही, म्हणून बहुतेक वाचल्या. आईवडील, भाऊबहीण यांना मात्र त्या कागदाचा काही उपयोग नव्हता (लेव्हिनासचं घर आठवा, प्रश्न ७).

१४. या कैद्यांनी कधी उठाव केला का?

हो, पोलंडमधल्या सोबिबोरच्या छावणीत. अलेक्सांद्र पेचेर्स्की, लाल सैन्यातला लेफ्टनंट, ऑक्टोबर १९४१ मध्ये व्याझ्माजवळ पकडला गेला, ज्यू असल्याचं लपवलं, पुढे वैद्यकीय तपासणीत उघडं पडलं. मिन्स्कहून सप्टेंबर १९४३ मध्ये सोबिबोरला, जिथे माणसं फक्त मारायलाच आणायचे. त्याच्याबरोबर आणखी ज्यू युद्धकैदी आले होते. तिथल्या पोलिश ज्यू कैद्यांचा गट लेऑन फेल्डहेंडलरच्या पुढाकाराने आधीच सुटकेच्या विचारात होता, पण हत्यार चालवलेलं कोणी नव्हतं. हे सैनिक आल्यावर तीन आठवड्यांत बेत ठरला. १४ ऑक्टोबरला दुपारी एसएसच्या माणसांना एकेक करून बोलावलं, नवीन कोट मापायला या, बूट बघायला या, आणि कुऱ्हाडीने संपवलं. तीनशेच्या आसपास कैदी कुंपण तोडून जंगलात पळाले, युद्ध संपेपर्यंत त्यातले पन्नासेक उरले. पेचेर्स्की त्यातला एक.

१५. जपान्यांच्या कैदेत ज्यूंना वेगळं वागवायचे का?

सैनिक म्हणून नाही, तिथे सगळ्यांचेच हाल. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ ला पडलं, चांगीच्या छावणीत डच रब्बी हाइम नुसबाउम यांनी छोटंसं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, चालवलं. डेव्हिड मार्शल, बगदादी ज्यू घरातला सिंगापूरचा वकील, स्वयंसेवक म्हणून लढला, पकडून होक्काइडोला मजुरीला नेला, आणि १९५५ मध्ये सिंगापूरचा पहिला मुख्यमंत्री झाला.

१६. रशियनांच्या कैदेतही ज्यू होते असं ऐकलं, ते कसं काय?

दोन तऱ्हेने. एक, १९३९ मध्ये पूर्वेकडून सोव्हिएत फौज घुसली तेव्हा पकडलेले पोलिश अधिकारी. १९४० च्या वसंतात कातिन आणि इतर ठिकाणी सुमारे २२,००० जणांना गोळ्या घातल्या, त्यात कित्येक ज्यू, पोलिश सैन्याचे मुख्य रब्बी बारुख स्टाइनबर्गसुद्धा. म्हणजे प्रश्न २ मध्ये मी जे युनिफॉर्मचं म्हटलं ते इथे उलटं लागू पडलं, पोलिश अधिकारी म्हणूनच मारले गेले.

दुसरी तऱ्हा ऐकून लोकांना खरं वाटत नाही. हंगेरी जर्मनीच्या बाजूने लढत होता आणि तिथल्या ज्यू पुरुषांना हत्यार न देता मजूर तुकड्यांत घालून डॉन नदीच्या आघाडीवर पाठवलं होतं. सुरुंग काढायला, खंदक खणायला. १९४३ च्या जानेवारीत आघाडी कोसळली, हे लोक सुटलो म्हणून लाल सैन्याकडे धावले, आणि सोव्हिएतांनी त्यांना हंगेरियन शत्रू म्हणून युद्धकैदी केलं. ज्या पहारेकऱ्यांनी त्यांना छळलं त्यांच्याच शेजारी, एकाच छावणीत. थंडीने, टायफसने कितीतरी मेले.

१७. परत आल्यावर काय झालं त्यांचं?

पश्चिमेकडचे घरी गेले, पुष्कळ जण गप्प राहिले. छळछावणीतून आलेल्यांपुढे आपण काय सांगणार, आपल्याला तर पार्सलं मिळायची, ही भावना खूप जणांनी नंतर बोलून दाखवली. युगोस्लाव्ह आणि पोलिश अधिकारी परतले तेव्हा घरंच उरली नव्हती.

सोव्हिएत कैद्यांचं सगळ्यात वाईट. ऑगस्ट १९४१ च्या २७० नंबरच्या आदेशाने शरण जाणं म्हणजे गद्दारी ठरलेली. परतलेल्या प्रत्येकाची झडती, आणि ज्यू असेल तर हमखास एक जास्तीचा प्रश्न, तू ज्यू असून जर्मनांनी तुला जिवंत कसं सोडलं? याला उत्तर काय देणार? पेचेर्स्कीलासुद्धा आधी धोक्याच्या तुकडीत लढायला धाडलं, आणि पुढे ज्यूंविरोधी वारं वाहायला लागल्यावर नोकरी गेली.

१८. आपल्या बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी ज्यू) लोकांपैकी कोणी युद्धकैदी होतं का?

होतं, आणि या सगळ्याच्या दीडशे वर्षं आधी. सामुएल इझेकिएल दिवेकर, कोकणातलं घर, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत कमांडंट. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती लागले. समाजात कथा सांगतात ती अशी, की कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी बेने इस्रायल म्हणून सांगितलं, टिपूच्या आईने कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख ऐकलेला होता, हे लोक अजून आहेत का असं तिला नवल वाटलं आणि तिने रदबदली करून जीव वाचवला. कथेची दुसरी रूपंही आहेत. पण सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला सिनेगॉग बांधलं हे पक्कं. नाव शार हाराहामीम, म्हणजे दयेचं द्वार. बेने इस्रायल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात, आणि रस्त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. सध्याची इमारत नंतरची आहे. हातगाड्या आणि गोण्यांच्या गर्दीतून वाट काढत मी पहिल्यांदा त्या दारापाशी पोचले तेव्हा नावाचा अर्थ माहीत असल्यामुळे दोन मिनिटं तशीच उभी राहिले. कैदेतून सुटलेल्या माणसाने दुसरं कुठलं नाव ठेवलं असतं!

लक्षात घ्या, इथे ओळख सांगितल्यामुळे जीव वाचला. प्रश्न ४ मधल्या पोरांना तीच लपवावी लागली.

१९. अहमदनगरच्या छावणीत जर्मन ज्यू होते, ते पण युद्धकैदीच ना?

नाही, ते नागरिक होते. हिटलरपासून पळून मुंबईत आलेले डॉक्टर, इंजिनिअर, व्यापारी. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर जर्मन पासपोर्ट म्हणजे शत्रू असं धरून ब्रिटिशांनी पुरुषांना उचलून नगरला ठेवलं, नाझी पक्षाच्या जर्मनांबरोबर एकाच कुंपणात. नंतर चौकशी करून बऱ्याच ज्यूंना सोडलं. यांना नजरकैदी म्हणावं, युद्धकैदी म्हणू नये, कारण जिनिव्हा करार त्यांना तसा लागू नव्हता.

२०. आमच्या ओळखीचे एक ज्यू आजोबा कैदेत होते असं घरचे म्हणतात. शोधायचं कुठे?

आधी देश ठरवा, म्हणजे कुठल्या सैन्यात होते, कारण कागद त्या हिशोबाने ठेवलेले आहेत. युद्धकैद्यांची कार्डं जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे आहेत. जर्मनीतल्या बाड आरोल्झेनच्या आरोल्झेन आर्काइव्हजमध्ये ऑनलाइन नाव टाकून बघता येतं, मारले गेलेल्यांची नावं याद वाशेमच्या यादीत. स्पेलिंग तीन-चार तऱ्हेने टाकून बघा, आणि मी वर सांगितलंय तसं, नावच बदललेलं असू शकतं. घरात एखादं छापील कार्डासारखं पत्र असेल, वर छावणीचा नंबर आणि शिक्का, तर ते लॅमिनेट करू नका, साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढून मला पाठवा. शिक्क्यावरचा नंबर वाचता आला की निम्मं काम झालं.